पडायचा सर्व्हर, बिघाड थिन क्लायंटच्या पोटात : शिरोलीच्या एका फौंड्रीतलं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फौंड्रीत संक्रांतीच्या तोंडावर रिमोट डेस्कटॉप सर्व्हर, म्हणजे सगळे आपापल्या स्क्रीनवरून ज्या एकाच मशीनवर काम करतात तो, रोज पडायला लागला. पडला म्हणजे मशीन बंद झालं असं नाही. पिंग (मशीन जिवंत आहे का ते विचारणारा निरोप) जात होता, शेअर केलेले फोल्डर उघडत होते, सर्व्हर रूममध्ये जाऊन पाहिलं तर सगळं शांत. पण कारखानाभरच्या स्क्रीन एकाच क्षणी गोठायच्या आणि पुन्हा जोडण्याचा प्रयत्न चालू आहे असा निरोप यायचा. मिनिट-दोन मिनिटांनी काहींना परत आत घ्यायचा, काहींना नाही. डिस्पॅचला चलन अर्धं, ई-वे बिल निघालेलं नाही आणि गेटवर कास्टिंग भरलेली गाडी इंजिन चालू ठेवून उभी.

डिस्पॅचचे काका सरळ म्हणाले, "ओ दादा, नवा सर्व्हर घ्या म्हणून मालकांना सांगून टाका. हे यंत्र दमलंय आता."

सर्व्हर दमलेला नव्हता. पण तसं वाटणं स्वाभाविक होतं, कारण दोष दिसत होता तो तिथंच. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की रिमोट डेस्कटॉपमध्ये लायसन्स सर्व्हरवर विकत घेतलं जातं, पण त्याचा कागद क्लायंटच्या, म्हणजे जोडायला येणाऱ्या मशीनच्या, खिशात असतो. तो कागद खराब असला की त्याचा त्रास सर्व्हरला होतो, आणि सगळे सर्व्हरच उघडून बघत बसतात.

मांडणी अशी होती. विंडोज सर्व्हर २०१९ चं एकच मशीन, त्यावरच सेशन होस्ट (यूजरची सेशन, म्हणजे जोडणीतलं काम, चालवणारा) आणि त्यावरच लायसन्स सर्व्हर. डोमेन, म्हणजे सगळ्या यूजरची एकच मध्यवर्ती नोंद, नाही, साधा वर्कग्रुप. म्हणून कॅल, म्हणजे क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स, 'पर डिव्हाइस' प्रकारचे ४० घेतलेले. हे बरोबरच होतं. 'पर यूजर' कॅलचा हिशेब अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर, म्हणजे डोमेनच्या त्या नोंदीवर, चालतो. २०१९ च्या सर्व्हरवर वर्कग्रुपमध्ये तो मोड ठेवला तर लायसन्समध्ये अडचण आहे, ६० मिनिटांत सेशन तुटेल, अशी खिडकी समोर येते आणि खरंच तुटतं.

ऑफिसात १२ पीसी. शॉप फ्लोअरवर २२ थिन क्लायंट, म्हणजे सर्व्हरला जोडण्यापुरती छोटी कॉम्प्युटरची डबी : मोल्डिंग, कोअर शॉप, फेटलिंग, तपासणी, स्टोअर, डिस्पॅच, शिवाय गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या खासगी जोडणीतून) चालणारे काही. फौंड्रीत थिन क्लायंट का, हे आत एक फेरी मारली की कळतं. वाळूची बारीक धूळ हवेत कायम असते. साध्या पीसीचा पंखा ती धूळ आत ओढतो आणि सहा-आठ महिन्यांत पॉवर सप्लाय जातो. बिनपंख्याची ही डबी टिकते. तिच्यात विंडोजचा राइट फिल्टर चालू असतो, म्हणजे दिवसभरात डिस्कवर जे काही लिहिलं जाईल ते प्रत्यक्षात मेमरीत राहतं आणि रिस्टार्ट झालं की पुसलं जातं. लाइट अचानक गेली तरी आतलं विंडोज बिघडत नाही. ही चांगली सोय होती, आणि पुढच्या घोटाळ्याचं मूळही तीच.

आधी काय काय करून झालं होतं

मला बोलावण्याआधी बरंच काही झालं होतं. रॅम बदलली होती. अँटिव्हायरस काढून पाहिला होता. नेटवर्क स्विच बदलला होता. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट बाहेरच्या इंटरनेटला उघडा आहे का, हेही कोणीतरी नीट तपासलं होतं. तो नव्हता, बाहेरून येणारे फक्त व्हीपीएनवरून येत. इथवर ठीक.

एका तंत्रज्ञाने सर्व्हरच्या रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या) टर्मिनल सर्व्हरखालच्या 'आरसीएम' कीमधून (की म्हणजे रजिस्ट्रीतला कप्पा) एक्स-५०९ सर्टिफिकेटच्या नोंदी उडवून मशीन रिस्टार्ट केलं होतं. हा उपाय खरा आहे, पण वेगळ्या दुखण्याचा. सिक्युरिटी एररमुळे क्लायंट जोडता येत नाही, असा निरोप येत असेल तेव्हा तो चालतो. सर्व्हर त्या नोंदी नव्याने तयार करतो. इथं तसा निरोप नव्हताच.

दुसऱ्या कोणी तरी जुलै २०२४ च्या विंडोज अपडेटवर बोट ठेवलं होतं. त्या महिन्याच्या अपडेटनंतर बऱ्याच ठिकाणी रिमोट डेस्कटॉप गेटवेची (बाहेरून येणाऱ्यांना आत घेणाऱ्या दाराची) सेवा अधूनमधून, काही ठिकाणी दर अर्ध्या तासाला, पडत होती हे खरं आहे. पण तो दोष गेटवेचा, जुन्या आरपीसी-ओव्हर-एचटीटीपी मार्गाने जोडणाऱ्यांना जाणवणारा, आणि नंतरच्या अपडेटमध्ये दुरुस्तही झाला. या कारखान्यात गेटवेच नव्हता. उलट त्याच जुलैच्या अपडेटमध्ये लायसन्सिंग सेवेतलं दहापैकी ९.८ गुणांकाचं गंभीर भगदाड बुजवलं होतं. म्हणून 'अपडेट काढून टाकू' हा विचार मी आधी डोक्यातून काढायला लावला. लायसन्स सर्व्हर चालवणाऱ्याने ते अपडेट काढणं म्हणजे दाराची कडी काढून ठेवणं.

शेवटचा उपाय सगळ्यांत गमतीचा. टर्मसर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवरची रिमोट डेस्कटॉपची सेवा, पडली की ती आपोआप पुन्हा सुरू करणारं टास्क कोणीतरी शेड्यूलरमध्ये बसवलं होतं. त्यामुळे पडण्याचा वेळ कमी झाला, पण पडण्याची संख्या वाढली. याचं कारण पुढे येईल.

लॉग वेळेप्रमाणे लावला तेव्हा

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सगळ्यांनी पाहिलं होतं ते लाल रंगाचं. अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये १००० क्रमांकाची नोंद : टर्मसर्व्हिस चालवणारा एसव्हीसीहोस्ट हा प्रोग्राम कोसळला, कारण हीप करप्शन (मेमरीचा हिशेब बिघडणं), मोड्यूल एनटीडीएलएल (विंडोजची एक मूळ फाइल). सिस्टिम लॉगमध्ये ७०३१ : रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस अनपेक्षितपणे बंद पडली, एका मिनिटाने पुन्हा सुरू करणार.

एनटीडीएलएल हे नाव वाचलं की लोक विंडोज करप्ट झालं म्हणतात आणि फॉरमॅटची तयारी करतात. हीप करप्शनमध्ये जो पकडला जातो तो चोर नसतो. कोणीतरी आधी मेमरीत नको तिथं लिहिलेलं असतं, आणि नंतर विंडोजची मेमरी सांभाळणारी यंत्रणा हिशेब तपासताना थांबते. म्हणून त्या ओळीत कारण शोधायचं नाही. त्या ओळीच्या आधीच्या दहा सेकंदांत काय झालं ते बघायचं.

सिस्टिम आणि अ‍ॅप्लिकेशन असे दोन्ही लॉग एकत्र करून वेळेप्रमाणे लावले. लाल नोंदीच्या अगदी आधी, दरवेळी, १००३ आणि १००४ च्या नोंदींचा पुंजका होता. १००३ म्हणजे : अमुक क्लायंटने अवैध लायसन्स सादर केलं. १००४ म्हणजे : सर्व्हर क्लायंटला लायसन्स देऊ शकला नाही, कारणांमध्ये पहिलंच कारण, क्लायंटचं लायसन्स बदललेलं किंवा न जुळणारं. एकटीदुकटी १००३ दिवसभरात कुठंही सापडायची आणि काही बिघडायचं नाही. पण पाच-सहा सेकंदांत दहा-बारा आल्या की मागोमाग १००० ची नोंद ठरलेली.

१००३ मध्ये क्लायंटचं नाव लिहिलेलं असतं. एक कागद घेऊन नावं उतरवली. ऑफिसातल्या एकाही पीसीचं नाव त्यात नव्हतं. गोकुळ शिरगावचं नव्हतं. सगळी नावं शिरोलीच्या शॉप फ्लोअरची, आणि तीही सगळी नाहीत : २२ पैकी नेमकी १४.

आता वेळा पाहिल्या. सकाळी सातची शिफ्ट सुरू होताना. दुपारी तीनला. आणि मधे कधीही, जेव्हा लाइट गेली होती. जनरेटर लागेपर्यंतची ती काही सेकंदं आणि मग सगळी डबी एकदम बूट होणं. सर्व्हर यूपीएसवर, तो लाइट जाण्याने हलत नव्हता. हलत होता तो ही मंडळी एकदम परत आल्यामुळे.

लायसन्सचा कागद कुठं असतो

इथं थोडं थांबून यंत्रणा समजून घ्यायला हवी, कारण पर डिव्हाइस कॅलबद्दल आपल्याकडे बऱ्याच जणांची समजूत अशी की सर्व्हर मोजतो किती जण जोडलेत आणि चाळीसच्या वर गेले की नाही म्हणतो. तसं नाही.

क्लायंट जोडायला आला की सेशन उघडण्याआधी लायसन्सची बोलाचाली होते. क्लायंटकडे आधीचं लायसन्स असेल तर तो ते दाखवतो. नसेल तर नवं मागतो, आणि सोबत आपला हार्डवेअर आयडी देतो. पहिल्यांदा येणाऱ्याला ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळतं. त्याने नीट यूजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन केलं की तो खरा माणूस आहे अशी खूण होते, आणि पुढच्या वेळी जोडताना शिल्लक कॅलमधलं एक त्याच्या नावे लागतं. हे पूर्ण लायसन्सही कायमचं नसतं. त्याला ५२ ते ८९ दिवसांमधली कुठली तरी मुदत असते आणि संपायच्या ७ दिवस आधीपासून क्लायंट ती वाढवून घ्यायला लागतो. एखादं मशीन भंगारात गेलं तर त्याचं कॅल मुदतीनंतर आपोआप परत साठ्यात येतं. विचार करून केलेली व्यवस्था आहे.

हा कागद क्लायंटवर रजिस्ट्रीत असतो : एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, एमएसलायसन्सिंग. त्याखाली 'स्टोअर'मध्ये लायसन्स आणि शेजारी 'हार्डवेअर आयडी'. ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटी क्लायंट वापरला तर तेच वाऊ६४३२नोड या फांदीखाली. आणि हार्डवेअर आयडी या नावावर जाऊ नका. तो मदरबोर्डवर कोरलेला नंबर नाही. ती की पहिल्यांदा तयार होते तेव्हा बनवलेला एक आकडा, एवढंच.

आता थिन क्लायंटकडे या. ही २२ डबी दोन हप्त्यांत आलेली. पहिली १४ दसऱ्याला, खंडेनवमीच्या पूजेत ठेवायची म्हणून घाईने बसवलेली. ज्याने ती तयार केली त्याने नमुन्याचं एक मशीन सेट केलं, सर्व्हरला एकदा जोडून पाहिलं, चालतंय म्हणून खात्री केली, राइट फिल्टर चालू केला आणि त्याच इमेजच्या १४ प्रती काढल्या. नावं मागाहून बदलली. पण एमएसलायसन्सिंगची की इमेजमध्ये तशीच राहिली, आत नमुना मशीनचा हार्डवेअर आयडी आणि ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स. दसऱ्यापासून ९० दिवस मोजले की संक्रांतीच्या अलीकडेच येऊन पोचतो. दुसरा हप्ता, आठ डबी, दिवाळीनंतर आली. ती जोडून न बघताच गोठवलेली होती, त्यामुळे त्यांच्यात ना आयडी होता, ना लायसन्स. बूट झालं की नवा हार्डवेअर आयडी, नवं लायसन्स. बंद झालं की सगळं पुसलं.

रेशन दुकानाच्या भाषेत सांगायचं तर चौदा घरं एकाच कार्डावर धान्य उचलत होती आणि आठ घरं रोज सकाळी नवं कार्ड काढत होती.

लायसन्सिंग मॅनेजर उघडला तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. ४० कॅल, दिलेली ४०, शिल्लक शून्य. पण यादी वाचत गेलो तर ऑफिसचे १२ पीसी एकेकदा. नमुना मशीनच्या नावाची एक ओळ, ज्या नावाचं मशीन कारखान्यात कुणी पाहिलेलं नाही. आणि उरलेल्या २७ ओळींत फिरून फिरून तीच आठ नावं. फेटलिंगच्या दोन नंबरच्या डबीचं नाव सलग सहा ओळींत, प्रत्येकीची मुदत वेगळी. खाली तात्पुरत्या लायसन्सची यादी तर स्क्रोल करून संपेना. स्टोअरच्या वहिनी मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं बेअरिंगची अशी एंट्री झाली तर मालक जीव घेतील."

दसऱ्यापासून तीन महिने सगळं सुरळीत का चाललं, त्याचं उत्तर यातच. इमेजमधलं लायसन्स तोवर मुदतीत होतं. मुदत संपली तशी ती चौदा डबी रोज बूट होताच मेलेला कागद पुढे करायला लागली. एकेकटं आलं तर नकार मिळायचा, मग नव्याने मागणी व्हायची आणि दोन-चार प्रयत्नांत आत शिरता यायचं. ऑपरेटरला वाटायचं, आज जरा वेळ लागतोय. कारण किऑस्क मोडमध्ये (डबी चालू होताच फक्त सर्व्हरची जोडणीच उघडते) आपोआप पुन्हा जोडण्याची स्क्रिप्ट होती, दर दोन सेकंदांनी धडक. पण चौदाच्या चौदा एकदम आली, सगळ्यांचा हार्डवेअर आयडी एक, सगळ्यांचं लायसन्स बाद, साठ्यात शिल्लक शून्य, आणि दर दोन सेकंदांनी सगळी पुन्हा दारात. त्या रेट्यात टर्मसर्व्हिस कोसळायची, आणि तिच्याबरोबर बिचाऱ्या ऑफिसच्या बारा जणांचंही सेशन तुटायचं.

आपोआप रिस्टार्टचं ते टास्क आठवा. सेवा लवकर उठायची, डबी अजून धडका देतच असायची, सेवा परत पडायची. सकाळी सातच्या पडझडीत १००० च्या तीन-तीन नोंदी सलग होत्या त्या यामुळे.

खात्री करून घेणं

अंदाज जुळतो म्हणून औषध देऊ नये. मालकांकडून रविवार मागून घेतला, भट्टी बंद असते. सर्व्हरवर विंडोज एरर रिपोर्टिंगच्या लोकलडम्प्स की खाली पूर्ण डम्प (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) पडेल अशी व्यवस्था केली, म्हणजे कोसळलं तर पुरावा हातात राहील.

पहिली चौदा डबी शॉप फ्लोअरच्या एकाच एमसीबीवर होती, हे नशीब. आधी ऑफिसचे सगळे पीसी एकदम रिस्टार्ट करून जोडले : काही नाही. मग दुसऱ्या हप्त्याची शिरोलीतली डबी एकदम : काही नाही, फक्त यादीत तात्पुरती लायसन्सं वाढली. मग पहिल्या हप्त्यातली तीन, थोड्या थोड्या अंतराने : १००३ आल्या, सेवा उभी राहिली. मग इलेक्ट्रिशियनला सांगून एमसीबी पाडला आणि वर केला. चौदा स्क्रीन उजळल्या, निळा लोगो आला, जोडतोय असं दिसलं, आणि सर्व्हरच्या स्क्रीनवर मी बघत असतानाच टर्मसर्व्हिस गेली. इलेक्ट्रिशियन दारातून ओरडला, "पडला का ओ?" कारखान्यात पडल्याचा आनंद झालेला तो पहिलाच दिवस असावा.

डम्प उघडला तर कोसळणारा धागा लायसन्सच्या बोलाचालीतच होता. मग उलटी परीक्षा. त्या चौदांच्या किऑस्क स्क्रिप्टमध्ये धडकेचं अंतर दोन सेकंदांऐवजी तीस आणि त्यात थोडी यादृच्छिक वाढ, म्हणजे सगळी एका तालात येणार नाहीत. एमसीबी पुन्हा पाडला. १००३ तेवढ्याच, पण सेवा पडली नाही. हा कायमचा उपाय नव्हता, पण सोमवार सकाळ सुरळीत जायला पुरेसा होता आणि नेमकं दुखणं कुठं आहे ते यानं पक्कं झालं.

मालकांचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने मागच्या आठवड्यात व्हिडिओ बघून दोन डबींवर एमएसलायसन्सिंगची की उडवली होती. पहिल्यांदा साध्या यूजरने जोडलं तर लायसन्सिंग प्रोटोकॉलमध्ये चूक असा निरोप आला, कारण ती की एचकेएलएममध्ये आहे आणि तिथं नव्याने लिहायचा अधिकार साध्या यूजरला नसतो. मग त्याने एमएसटीएससी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपला जोडणारा प्रोग्राम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, तेव्हा झक्कास चाललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरगं नाराज होऊन सोडून गेलं होतं. खरं तर त्याने निम्मं प्रकरण सोडवलं होतं. अडला तो राइट फिल्टरवर. मी त्याला रविवारी बोलावूनच घेतलं, आणि पुढची डबी बहुतेक त्यानेच केली.

दुरुस्ती

काहीही उडवण्याआधी लायसन्सिंग सेवा थांबवून सिस्टिम३२ मधल्या एलसर्व्हर फोल्डरची प्रत घेतली. टीएलएसलिक हा डेटाबेस तिथंच असतो.

मग प्रत्येक डबीवर एकच क्रम. यूडब्ल्यूएफएमजीआर या कमांडने फिल्टर बंद, रिस्टार्ट. एमएसलायसन्सिंगची अख्खी की उडवली. एमएसटीएससी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून सर्व्हरला जोडलं, लॉगिन, पूर्ण लॉगऑफ, परत जोडणी. दोनदा जोडायचं, कारण पूर्ण लायसन्स दुसऱ्या वेळी लागतं. मग डब्ल्यूएमआयमधल्या (विंडोजची सेटिंग्ज स्क्रिप्टने हाताळायची सोय) यूडब्ल्यूएफ रजिस्ट्रीफिल्टर या वर्गातला पर्सिस्टटीएसकॅल हा गुण पुढच्या सेशनच्या नोंदीत खरा केला. हा गुण नेमका याच कामासाठी आहे : बाकी सगळं पुसा, पण टर्मिनल सर्व्हरचं लायसन्स राखा. फिल्टर परत चालू, रिस्टार्ट. आणि शेवटी मुख्य तपासणी : वायर काढून बंद केलं, चालू केलं, हार्डवेअर आयडी तोच आहे का पाहिलं.

पर्सिस्टटीएसकॅल चालू सेशनच्या नोंदीत लावायला गेलात तर काही होत नाही. पुढच्या सेशनच्या नोंदीतच लावायचा आणि रिस्टार्ट करायचं. डबी चालू असताना सगळं ठीक दिसतं, म्हणून ही पायरी बऱ्याच जणांची निसटते.

गोकुळ शिरगावची डबी सोमवारी दुपारी केली. तिथं पुतण्या एकटाच गेला.

कॅलचा हिशेब, आणि मालकांचा प्रश्न

आता साठा शून्य आणि २२ डबी नव्या आयडीने दारात. लायसन्सिंग मॅनेजरमधून पर डिव्हाइस कॅल रद्द करता येतं, पण एका वेळी त्या आवृत्तीच्या एकूण कॅलच्या २० टक्क्यांपर्यंतच. ४० चे ८. म्हणजे आठ ओळी रद्द केल्या, ज्यांची मुदत सगळ्यांत लांब होती त्या. आठ डबींना पूर्ण लायसन्स मिळालं. उरली चौदा.

मालकांनी लगेच विचारलं, "म्हणजे आणखी चौदा विकत घ्यायची का? सरळ सांगा."

नको. त्या चौदांना नव्या आयडीवर ९० दिवसांचं तात्पुरतं लायसन्स मिळालेलं होतं. अडकून पडलेल्या २० ओळींची मुदत जास्तीत जास्त ८९ दिवस, आणि त्यातल्या बऱ्याच आधीच अर्ध्या झालेल्या. म्हणजे तात्पुरतं संपायच्या आत पूर्ण कॅल परत साठ्यात येणारच. ९० आणि ८९ हे आकडे असे शेजारी का ठेवलेत ते अशा वेळी कळतं. फक्त या काळात नवं मशीन जोडायचं नाही, एवढीच अट घातली.

इथं एक प्रस्ताव आला, तो नोंदवायला हवा कारण गावात तो सर्रास ऐकायला मिळतो. सर्व्हरच्या रजिस्ट्रीतली ग्रेसपिरियड की उडवली की १२० दिवसांची सवलत पुन्हा सुरू होते, मग कॅलची भानगडच नको. मी नाही म्हटलं. एक तर फुकट वापर आहे, ज्याने रोख मोजून ४० कॅल घेतली त्याने चोरासारखं का वागायचं? दुसरं, सवलतीत सर्व्हर लायसन्स मागतच नाही, त्यामुळे खराब कागद तसेच राहतात आणि चार महिन्यांनी हीच सकाळ परत येते. तीही नेमकी घाईच्या डिस्पॅचमध्ये आली असती तर?

स्वस्तात कॅलच्या किल्ल्या विकणारेही फोनवर भेटले. २०१६ ची कॅल २०१९ च्या सर्व्हरला चालत नाहीत, उलट मात्र चालतात, एवढं सांगून तो विषय संपवला.

पहिल्या आठवड्यात किऑस्क स्क्रिप्टमधलं तीस सेकंदांचं अंतर तसंच ठेवलं, ते आजही तसंच आहे. लाइट दोनदा गेली. लॉगमध्ये १००३ एक होती, ती एका ऑफिस पीसीची, जो मधे एका दुसऱ्या सर्व्हरला जोडला गेला होता. शेड्यूलरमधलं आपोआप रिस्टार्टचं टास्क काढून टाकलं. सेवा पडली तर ती कळायला हवी, झाकली जायला नको. डिस्पॅचच्या काकांचा विश्वास बसायला वेळ लागला. ते काही दिवस चलन आधी वहीत आणि मग कॉम्प्युटरवर करत होते.

थिन क्लायंट पुरवणाऱ्याला नवी इमेज करून दिली : आत जुना हार्डवेअर आयडी नाही, जुनं लायसन्स नाही, पर्सिस्टटीएसकॅल चालू. तरी मार्चमध्ये बदली म्हणून आलेली एक डबी जुन्याच इमेजची निघाली. स्टोअरच्या वहिनींनी ती आवक करून घेतली नाही. त्यांच्याकडे आता एक कागद आहे : डबी दोनदा बंद-चालू करायची, दोन्ही वेळा पुतण्याने दिलेली छोटी फाइल चालवायची, दोन्ही वेळा आकडा सारखा आला तरच सही.

शेवटचं तात्पुरतं लायसन्स पूर्ण झालं ते अक्षय तृतीयेच्या आसपास. यादीत ४० पैकी ३४ ओळी, ३४ नावं, प्रत्येक एकदाच. सहा शिल्लक.